मोंढ्यातला माणूस का पडतो

काही जण म्हणतात की व्यापाऱ्याकडे पैसा असतो, निवडणुकीत दोनदा पडला तरी त्याचं काही बिघडत नाही. मला हे पटत नाही. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माझ्या मामांची आडत आहे; शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून देतात. विधानसभेला ते दोनदा अपक्ष उभे राहिले, दोन्हीदा डिपॉझिट गेलं. ते वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, ती पडलीच नाहीत. डिपॉझिटच्या दहा हजारांचं दुःख नव्हतं. पेरणीला ज्यांना उचल दिली ती गावं आपलीच, हा हिशोब चुकला, ते लागलं.

आडत्याशी शेतकऱ्याचं नातं भावाचं अन् मापाचं. ज्याच्या दुकानात ओलावा धरून सोयाबीनचा भाव कमी लागला, त्याला माणूस नमस्कार करतो, मत देईलच असं नाही. शिवाय अपक्षाला चिन्ह मिळतं माघारीची मुदत संपल्यावर. पुढं जेमतेम पंधरवडा. तेवढ्यात ते नवं चिन्ह तांड्या-वस्त्यांवर पोचवायचं कसं?

गंगाखेडला साखर कारखानदार रत्नाकर गुट्टे २०१४ ला पडले अन् २०१९ ला निवडून आले, हे खरं. पण दोन्ही वेळा ते राष्ट्रीय समाज पक्षाचे (रासप) उमेदवार होते, एकटे नव्हते.

मामांनी दुसऱ्या पराभवानंतरही खर्चाचा हिशोब ३० दिवसांच्या आत दिला. तो वेळेत दिला नाही तर ३ वर्षं निवडणुकीला अपात्र ठरवू शकतात. मामी म्हणाल्या, "म्हणजे परत उभं राहायचंय का?" मामा गप्पच बसले.