मदत हवी आहे: पट्ट्यांच्या वाकळेला खाली काय लावू?

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या शिलाईवाल्यांकडून सुती चिंध्या भरपूर मिळाल्यात. चौकोनी आधारावर पट्ट्या तिरक्या शिवून वाकळ करायची आहे. बऱ्याच पट्ट्या आडव्यातिडव्या कापलेल्या, ताणतात, म्हणून आधार हवाच. मांजरपाट आत कायम राहतो, चौकोन वाकडा होत नाही. पण वजन वाढतं, आणि वरून हाताने धावदोरा घालायचाय. तेवढ्या थरांतून सुई जाईल ना? कागदावर बारीक टाक्याने शिवून तो फाडता येतो, पण वर्तमानपत्राची शाई फिक्या कापडाला लागायची. खानापूर-हल्याळकडच्या सिद्दी समाजाच्या बायका जुन्या साडीवरच तुकडे शिवून कवंदी (त्यांची गोधडी) करतात, ते मला फार आवडतं. आईची मऊ नऊवारी आधाराला चालेल का? की विरेल? ताई-मावशींनो, कुणी केलं असेल तर नक्की सांगा.