मदत हवी आहे : उन्हाळ्यात मागे पडणारा सागरी क्रोनोमीटर

माझ्याकडील जुना इंग्रजी बनावटीचा, डिटेंट एस्केपमेंट (चाकांना एकेक टप्प्याने सोडणारा नाजूक खटका) आणि पितळ-पोलादाचे द्विधातू बॅलन्स चाक (झोके घेऊन वेळ मोजणारे, तापमानाचा परिणाम भरून काढणारे चाक) असलेला, एका चावीत दोन दिवस चालणारा सागरी क्रोनोमीटर (जहाजावरचे अचूक घड्याळ) हिवाळ्यात उत्तम चालतो. मात्र नागपुरात पारा ४५ अंशांकडे सरकला की तो रोज काही सेकंद मागे पडतो. चावी ठरल्या वेळी देतो, गिंबलवर (घड्याळ आडवे राखणाऱ्या झुलत्या कड्यांवर) तबकडी आडवीच राहते, आणि कूलरच्या खोलीत ठेवल्यावर चाल सुधारते, पण पूर्ण नाही. असे बॅलन्स दोनच तापमानांना अचूक जुळवता येते व त्यापलीकडच्या उष्णतेत मागे पडणे स्वाभाविक असते, हे ठाऊक आहे. तरी यंत्रातल्या जुन्या तेलामुळेही हे होत असेल, ही शंका उरतेच. डिटेंट फार नाजूक असल्याने, आणि येथे त्याचा जाणकार कारागीर न मिळाल्याने, यंत्र तूर्त उघडायचे नाही. तर केवळ बॅलन्सच्या झोक्याचा विस्तार आणि निरनिराळ्या तापमानांतील दैनिक चाल (रोज किती सेकंद पुढे वा मागे) नोंदवून, दोष तापमान-भरपाईचा की तेलाचा, हे खात्रीने कसे ठरवावे?