मदत हवी आहे: सोलापूरहून नऊ फुटी पूल टेबलासाठी किती लांब जावं?

सोलापुरी_क्यू
पुढच्या महिन्यात पुण्यात पूलची (टेबलावर काठीने बॉल पॉकेटात पाडायचा खेळ) स्पर्धा आहे, एंट्री भरून झाली. टेबल नऊ फुटी असणार. आमच्या पार्लरमध्ये आठ फुटीच आहेत. रविवारी सरावाला पुण्याला जाऊ, की मुंबई, की हैदराबाद जवळ पडेल? स्वतःचा क्यू (काठी) नेऊ की तिथलाच घेऊ? जाणकारांनी नेमकं सांगा, वेळ कमी आहे.

खडूची_पूड
गेम कुठला? एट बॉल, नाइन बॉल, टेन बॉल? रॅक (सुरुवातीची बॉलची मांडणी) साच्याचा की त्रिकोणाचा? रेस (किती गेम आधी जिंकायचे) किती?

सोलापुरी_क्यू
पूलच हो. नऊ फुटी म्हटलंय ना. जागा सांगा की कुणीतरी.

दोन_बॉल_तोंड
जागेचं नाव सांगून उपयोग नाही, कारण टेबलं बदलतात, कापड बदलतं. निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा.

खेळायची जागा कुशनच्या (टेबलाची रबरी कड) नाकापासून नाकापर्यंत किती? खरं नऊ फुटी म्हणजे १०० बाय ५० इंच. आठ फुटी ८८ बाय ४४ असतं, मोठं आठ ९२ बाय ४६. बरेच मालक बाहेरची लाकडी चौकट मोजून 'नऊ फुटी' म्हणतात आणि माणूस चार तास प्रवास करून मोठ्या आठवर खेळून येतो.

दुसरं, कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडात दोन बॉल शेजारी शेजारी ठेवायला सांगा. बॉल ५७.१५ मिमी, म्हणजे सव्वादोन इंच. दोन बॉल जेमतेम बसले तर तोंड साडेचार इंच, हेच प्रमाण मापाचं. मध्ये बोट जात असेल तर तिथे सराव करून फक्त आत्मविश्वास वाढेल.

तिसरं, व्हाइट (क्यूने मारायचा पांढरा बॉल) सेटमधलाच आहे का? हरवलेल्या व्हाइटच्या जागी दुसऱ्या सेटचा हलका बॉल ठेवलेला असतो. मग फॉलो (टकरीनंतर व्हाइट पुढे जाणं) आणि ड्रॉ (मागे येणं) दोन्हींचा अंदाज चुकतो.

घरचाच_बोर्ड
एवढी धावपळ कशाला? हिशोब करा. नेम एक अंशाने चुकला तर ८८ इंचांवर बॉल साधारण दीड इंच बाजूला जातो, १०० इंचांवर पावणेदोन. फरक पाव इंचाचा! घरच्याच टेबलावर तोंडात रबरी रिड्यूसर (तोंड अरुंद करणारे तुकडे) बसवा, चार इंच करा आणि रोज दोन तास खेळा. चार रविवारच्या भाड्यात महिनाभराचं पार्लर निघतं.

दोन_बॉल_तोंड
हिशोब फक्त पॉटिंगचा (बॉल पॉकेटात पाडण्याचा) झाला. व्हाइट कुठे थांबते त्याचं काय? आठ फुटीवर डायमंड (कडेवरच्या खुणा) ११ इंचांवर, नऊवर साडेबारा. दोन कुशन फिरवून व्हाइट आणायची तर लांबी जवळजवळ सातव्या हिश्शाने वाढते, आणि हात जुन्याच वेगाचा. त्यात मधले बॉल हाताला पोचत नाहीत, ब्रिज (क्यू टेकवायची लांब दांडी) घ्यावा लागतो. आठ फुटीवर ब्रिज हातात घेण्याची वेळच क्वचित येते. आणि रिड्यूसरवरून बॉल खऱ्या जॉसारखा (पॉकेटच्या तोंडाची कड) उडत नाही, मऊ असतो तो.

घरचाच_बोर्ड
ब्रिजचा सराव घरी होत नाही का?

दोन_बॉल_तोंड
होतो. करतं कोण?

रेल्वेने_जा
पुण्याचाच पर्याय ठेवा. हैदराबाद तीनशे किमीच्या वर, मुंबई साडेचारशे. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी साडेसहाच्या सुमारास सोलापूरहून निघते, साडेदहाच्या आसपास पुणे. परतीची संध्याकाळी सहाला. (वेळ तिकीट काढताना बघून घ्या.) पार्लरं अकराच्या आधी क्वचित उघडतात, म्हणजे टेबलावर जेमतेम पाच तास. पण रविवारी दुपारनंतर गर्दी, टेबल मागताना वाट बघावी लागते. सुट्टी टाकता आली तर मधल्या वारी जा आणि दोन तास सलग बुक करा. मुंबईला जायचंच असेल तर रात्रीची सिद्धेश्वर.

क्यू स्वतःचाच. दोन तुकड्यांचा असेल तर प्रत्येक तुकडा २९ इंचांचा, केसमध्ये घालून वरच्या बर्थवर आडवा. खिडकीशी तिरका टेकवून ठेवू नका. कारने गेलात तर डिकीत उन्हात सोडू नका, लाकडी शाफ्ट (क्यूचा पुढचा भाग) वाकतो. विमानाने जाणाऱ्यांसाठी: क्यू केबिनमध्ये चालत नाही, चेक-इनमध्येच द्यावा लागतो, तेव्हा कडक केस हवी.

जर्सीकर
इथे अमेरिकेत तर तीन तास गाडी हाणून लोक आठवड्याची स्पर्धा खेळायला जातात. एपीए या हौशी पूल लीगच्या वर्ल्ड्सला देशभरातून लास व्हेगासला येतात, आणि तिथे टेबल सात फुटी! नामांकित पूलपटू एफ्रेन रेयेस १९८५ मध्ये फिलिपिन्समधून ह्यूस्टनला आला तो सीझर मोरालेस या नावाने खेळला आणि जिंकला. सोलापूर-पुणे काय घेऊन बसलात.

बिलियर्ड्सवाले_काका
विल्सन जोन्स आपल्या पुण्याचे. १९५८ ला कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचं जगज्जेतेपद, १९६४ ला न्यूझीलंडमध्ये पुन्हा. त्या काळात न्यूझीलंड! हल्लीची मुलं एसी नसेल तर खेळत नाहीत.

खडूची_पूड
काका, एसीचा विषय वेगळा आहे. पावसाळ्यात कापड ओलावा धरतं, बॉल हळू धावतो आणि कट शॉटला (तिरक्या फटक्याला) बॉल जास्त ढकलला जातो. स्पर्धा एसी हॉलमध्ये असेल तर सरावही एसीतच हवा. धागाकर्ते, पोस्टर टाका हो. गेम कुठला ते अजून कळलेलं नाही.

लेदर_टिप
टिप (क्यूच्या टोकाची चामडी गादी) कुठली वापरता? मऊ असेल तर मीडियम लावा. १२.७५ मिमी शाफ्टला वरचा गोल पाच रुपयांच्या नाण्याच्या कडेएवढा ठेवा.

सोलापुरी_क्यू
टिपचं विचारलंच नाही मी. पोस्टरवर एवढंच आहे: 'हेबॉल, नऊ फुटी टेबल, रेस टू ५'. बास का?

खडूची_पूड
अहो! ही पहिली ओळ हवी होती. वरचा निम्मा धागा बाद.

दोन_बॉल_तोंड
हेबॉल म्हणजे चायनीज एट बॉल. टेबल १०० बाय ५० च्या आसपासच आणि बॉल पूलचेच, पण पॉकेट स्नूकरसारखं, जॉ गोल, कोपऱ्याचं तोंड साधारण दीड बॉल. पुण्यातल्या साडेचार इंची अमेरिकन टेबलावर चार रविवार घालवलेत तर हात उलट बिघडेल. तिथे कुशनला घासत गेलेला बॉल आत ओढला जातो, हेबॉलच्या टेबलावर जॉला लागून बाहेर खडखडतो. जोर जास्त असेल तर नक्कीच.

घरचाच_बोर्ड
म्हणजे प्रवास नकोच, मी म्हणत होतो तेच.

दोन_बॉल_तोंड
तुमचं कारण वेगळं होतं. रिड्यूसर इथेही चालणार नाही, त्याने गोल जॉ मिळत नाही. सोलापुरात क्लबमध्ये स्नूकर टेबल असेल ना? रोज तासभर तिथे, स्नूकरच्याच बॉलनी. पूलचे बॉल त्यावर घालू नका. कुशनची उंची ५२.५ मिमीच्या बॉलसाठी असते, ५७ चा बॉल वेडावाकडा उडतो आणि क्लबवाला हाकलेल.

सराव असा: वरच्या कोपऱ्याकडे लांब कुशनच्या कडेने, कुशनपासून एक बॉल अंतरावर पाच लाल लावा आणि एकेक पॉट करा, फक्त पॉकेटपर्यंत पोचेल एवढ्याच जोराने. कापडाला लव असेल तर हळू सोडलेला बॉल लवेच्या बाजूला कसा वळतो तेही तिथेच कळेल. मग पुण्याला एकदाच जा, स्पर्धेच्या आदल्या दिवशी, त्याच हॉलमध्ये.

खडूची_पूड
आयोजकांना दोन प्रश्न: आदल्या दिवशी टेबल मिळेल का, आणि कापड लवेचं की बिनलवेचं? क्यूचंही बघा. हेबॉलला बरेच जण ११ मिमीच्या आसपासची टिप घेतात. तुमचा शाफ्ट किती?

सोलापुरी_क्यू
१२.७५. आता नवीन शाफ्ट घेऊ का?

लेदर_टिप
म्हणून विचारलं होतं.

खडूची_पूड
महिन्यावर स्पर्धा असताना शाफ्ट बदलू नका. आधी फोन करा.

सोलापुरी_क्यू
केला. आदल्या दिवशी सकाळी दहा ते बारा टेबल देतायत. कापड लवेचं. हुतात्मा साडेदहाला पोचणार म्हणजे निम्मा वेळ गेला. पहाटेची दुसरी गाडी कुठली आहे का?

रेल्वेने_जा
आदल्या रात्रीच निघा. सिद्धेश्वर पुण्यावरूनच जाते, पण पहाटे अडीच-तीनच्या सुमारास उतरवेल. नाहीतर रात्रीची बस. पुण्यात राहायला कोणी आहे का?