मोतीबिंदू काढला, तरी आईला दाराची चौकट वाकडी दिसते

तापीकाठ (भुसावळ): आईचं वय ७२. दोन्ही मोतीबिंदू काढलेत. आठवड्यापासून उजव्या डोळ्याने चौकट मधेच वाकते, वाचताना मधली अक्षरं गायब. चष्म्याचा नंबर बदलून भागेल का? शेजारी ल्युटीनच्या गोळ्या सुचवतात.

पडदा-पाहणी: नाही भागणार, भाऊ. मोतीबिंदू पुढच्या भिंगाचा. हा बिघाड मागच्या पडद्याच्या मधोमध, मॅक्युलात दिसतो; वयामुळे होणाऱ्या या झिजेचे (एएमडी) दोन प्रकार. कोरडा प्रकार वर्षानुवर्षं हळू चढतो. ओल्या प्रकारात पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या उगवतात, गळतात, पडदा फुगतो आणि सरळ रेघ वाकते. आठवड्यात आलेला वाकडेपणा ओलाच समजून दोन-तीन दिवसांत रेटिना तज्ज्ञ गाठा, ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारं स्कॅन) करून घ्या.

ओला निघाला तर त्या रक्तवाहिन्यांची वाढ आणि गळती रोखायला डोळ्यात बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब किंवा अफ्लिबरसेप्टचं इंजेक्शन देतात. सहसा पहिली तीन महिन्या-महिन्याने, पुढची ओसीटी पाहून. बरं दिसू लागलं की लोक मधेच थांबतात आणि तिथेच नजर जाते: गळती परत सुरू होते, व्रण पडला की गेलेली नजर येत नाही. इंजेक्शननंतर दुखणं, लाली वाढली किंवा नजर घटली तर त्याच दिवशी दाखवा, जंतुसंसर्ग असू शकतो.

चौकटीची वही: डावा डोळाही सांभाळा. चौकोनी रेघांच्या वहीत १० सेंमीचा चौरस, मधे ठळक ठिपका. वाचायचा चष्मा लावून, ३० सेंमीवरून, एक डोळा झाकून ठिपक्याकडेच बघायचं, रेघा वाकतात का किंवा गायब होतात का ते तपासायचं. रोज. दोन्ही डोळे उघडे असले तर चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो, म्हणून महिनोन्महिने कळत नाही.

पालेभाजी: नुसतं ल्युटीन पुरेसं नाही. याच आजारावरच्या २०१३ च्या एआरईडीएस-२ या अमेरिकी अभ्यासातलं मिश्रण असं: क जीवनसत्त्व ५०० मिग्रॅ, ई ४०० आययू, ल्युटीन १०, झियाझँथिन २, जस्त ८०, तांबं २ मिग्रॅ. मध्यम टप्प्यात किंवा एक डोळा पुढच्या टप्प्यात गेला असेल तरच, तेही डॉक्टरांना विचारून. निरोगी डोळ्याला उपयोग नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने किंवा सोडलेल्यानेही बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनतं) असलेल्या गोळ्यांची बाटली घेऊ नये, फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. जेवणात मेथी, पोकळा, शेवग्याचा पाला. फोडणीला थोडं तेल हवंच, ल्युटीन तेलातच विरघळतं. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन गोळी चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका.

तापीकाठ: उद्याच नेतो. मोटारसायकलवर नेलं तर?

पडदा-पाहणी: नको. बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात, काही तास धूसर दिसतं, उन्हात डोळे दिपतात. गॉगल, जुने कागद आणि चालू गोळ्यांची यादी सोबत घ्या.