कोलेस्टेरॉलची गोळी आधी की थायरॉईडची तपासणी?

तापीकाठची लेक :
आई 56 वर्षांची, यावल तालुक्यात राहते. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 178 निघालं आणि त्याच दिवशी ते उतरवायची गोळी, स्टॅटिन, सुरू झाली. दोन महिन्यांत पोटऱ्या अशा भरून यायला लागल्या की मळ्यातून घरी येताना बांधावर दोनदा टेकायची. मी हट्टाने टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घेतलं, तर 14, म्हणजे थायरॉईड मंद! थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की रक्तातलं एलडीएल ओढून घेणारे यकृतावरचे रिसेप्टर घटतात आणि कोलेस्टेरॉल साचतं. त्यात अशा माणसाला स्टॅटिनने स्नायूंचा त्रास व्हायचा धोकाही जास्त. माझं ठाम मत आहे, टीएसएच पाहिल्याशिवाय ही गोळी कुणालाच देऊ नये.

रावेरचा केळीवाला :
ताई, मी तर म्हणतो गोळीच नको. स्टॅटिन ज्या एन्झाइमला अडवतं, त्याच वाटेने शरीर कोएन्झाइम क्यू-10 बनवतं. तो पेशीतला अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची झीज रोखणारा, तोच आटतो. मी वडलांची गोळी बंद केली. त्याऐवजी अँटिऑक्सिडंट म्हणून सकाळी आवळा, रात्री ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल. माणूस मोकळा चालतो आता.

अमळनेर मेडिकलवाला :
केळीवाले भाऊ, वडलांना आधी अटॅक येऊन गेला आहे का? असेल तर आजच डॉक्टरांशी बोला. रक्तातलं क्यू-10 कमी होतं हे खरं. पण ते बरंचसं एलडीएलच्याच कणांवर बसून फिरतं, कण घटले की तेही घटणार. आणि कॅप्सूलची परीक्षा कधीच झाली आहे. ब्रिटनच्या 'हार्ट प्रोटेक्शन स्टडी'त 20,536 लोक होते, निष्कर्ष 2002 साली आले. पाच वर्षं ई, सी आणि बीटा कॅरोटिन देऊन हृदयाला काही फायदा झाला नाही. त्याच लोकांत 40 मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिनने अटॅक आणि पक्षाघात चौथ्या हिश्शाने कमी झाले.

रावेरचा केळीवाला :
मग पाय दुखत होते ते खोटं का भो?

अमळनेर मेडिकलवाला :
खोटं मुळीच नाही. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना पुढे आळीपाळीने खरी गोळी, नुसती दिसायला तशी, औषध नसलेली गोळी आणि काहीच नाही, असे महिने काढायला लावले. खऱ्या गोळीवरचा 90 टक्के त्रास नुसत्या गोळीवरही झाला. दुखणं खरंच होतं, पण बहुतेकांत ते औषधामुळे नव्हतं. म्हणून ताई, तुमचं 'कुणालाच नको' पटत नाही. अटॅक आलेल्या माणसाला रिपोर्टसाठी ताटकळत ठेवायचं का?

तापीकाठची लेक :
ताटकळत कशाला? कोलेस्टेरॉलच्या तपासणीसाठी सुई टोचताच ना, त्याच रक्तात टीएसएच होतं. आईचा पाळी जाण्याचा काळ, इस्ट्रोजेन उतरलं की एलडीएल तसंही चढतं. 'वय झालं' म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. आता थायरॉईडची गोळी, थायरॉक्सिन, चालू आहे, पहाटे रिकाम्या पोटी. चहासुद्धा अर्धा तास थांबून घेते. सहा आठवड्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा करणार. एलडीएल तरी उतरलं नाही, तर स्टॅटिन मीच मागून घेईन.

रावेरचा केळीवाला :
वडलांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकला आहे. उद्या सकाळच्या गाडीने जळगावला नेतो, टीएसएच पण सांगतो करायला. आवळा मात्र चालूच राहील.