मदत हवी आहे: राजमा काही केल्या शिजत नाही

मंडळी, महिनाभर जेवणात कडधान्यं आणि डाळींवरच भर दिलाय. खर्च आवरतो, प्रथिनंही मिळतात. मसूर-मुगाचं काही अडत नाही. मसूर तर न भिजवताही अर्ध्या-पाऊण तासात मऊ होतो. घोडं अडलंय ते राजम्यापाशी. १२ तास भिजवला, पाणी बदललं, दीड तास उकळला, तरी दाणा बोटांत चेपला की साल सुटते आणि आतला गर खडूसारखा तसाच! टोमॅटो मी मुद्दाम शेवटी घालते. आंबटाने दाणे निबर राहतात हे एकदा भोगून झालंय. कुकर नाही. मंद आचेवर रात्रभर ठेवायला धजत नाही, कारण कच्च्या राजम्यातलं विषारी लेक्टिन जायला किमान १० मिनिटं खळखळून उकळी लागते.

माल जुना आहे की पाणी जड, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? सोड्याने शिजेल, पण त्यात बी१ जीवनसत्त्व घटतं, आणि ती साबणासारखी चव मला तरी सोसत नाही. भिजवण्याच्या पाण्यात मीठ घालून कुणी पाहिलंय का? लिटरला किती घालता? अजून दोन किलो राजमा डब्यात पडून आहे.