गूढ की गुपित? मार्कमधल्या एका एकवचनावरून पडलेला प्रश्न

शाईचा_ठिपका

वीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम करते. दोन पानं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहायची सवय अंगात इतकी मुरली आहे की धर्मग्रंथसुद्धा तसेच वाचले जातात. सध्या पहिली तीन शुभवर्तमानं अशीच शेजारी ठेवून वाचते आहे आणि एका जागी अडले आहे.

मार्क ४:११ मध्ये येशू शिष्यांना म्हणतो की देवाच्या राज्याचं रहस्य तुम्हाला दिलेलं आहे. हेच वाक्य मत्तय १३:११ आणि लूक ८:१० मध्ये आहे, पण तिथे 'रहस्यं जाणून घेणं' तुम्हाला दिलं आहे, असं येतं. जुन्या हस्तलिखितांवर आधारलेला ग्रीक पाठ उघडून पाहिला. मार्कमध्ये 'मिस्टेरिऑन', एकवचन, आणि 'जाणणं' हे क्रियापद नाहीच. बाकी दोघांकडे 'मिस्टेरिया', अनेकवचन. म्हणजे हा भाषांतरकाराचा हात नाही, फरक मुळातच आहे.

माझी अडचण अशी, की 'रहस्य' म्हटलं की माझ्यासमोर दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक गुपित, जे कुणाला तरी ठाऊक असतं आणि कधीतरी फुटतं. दुसरं गूढ, जे उकलतच नाही, त्याच्यापुढे फक्त हात जोडायचे. इथे कुठलं? आणि रहस्य 'दिलं' कसं जातं? सांगितलं जाईल, उलगडलं जाईल, पण दिलं जाईल?

हे नुसतं शब्दांचं वेड नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात भेटायला येणारं प्रत्येक माणूस म्हणायचं, "देवाची करणी गूढ असते." दर वेळी वाटायचं, माझ्या तोंडावर दार लावलं. प्राचीन यहुदी आणि ख्रिस्ती लिखाणात या शब्दाचा अर्थ खरंच असा बंद दाराचा आहे का, ते मला जाणून घ्यायचं आहे.

पोथीशाळा

ताई, फार नेमक्या जागी बोट ठेवलंत. मी बरीच वर्षं हिब्रू-अरामी वाचतो आहे, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

मार्कपर्यंत यायचं तर आधी जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचावा लागतो. तो भाग अरामी भाषेत आहे आणि तिथला शब्द आहे 'राज'. हो, आपण 'हमराज'मध्ये ऐकतो तोच. मूळचा इराणी, अरामीत शिरलेला. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर स्वप्न पाहतो आणि ज्ञानी लोकांना फर्मावतो की अर्थ तर सांगाच, पण स्वप्न काय पडलं तेही तुम्हीच सांगा. कुणालाच जमत नाही. दानीएल आणि त्याचे सोबती स्वर्गातल्या देवाची करुणा भाकतात आणि रात्री त्याला 'राज' प्रकट होतं. त्या एका अध्यायात हा शब्द आठ वेळा येतो. ग्रीक भाषांतरात त्याच्या जागी आलं 'मिस्टेरिऑन'.

आता त्या राजात असतं काय, ते बघा. देवाचं स्वरूप वगैरे काही नाही. स्वप्नात एक पुतळा दिसतो: सोन्याचं डोकं, रुप्याची छाती, पितळेचं पोट, लोखंडी पाय, पावलांत लोखंड आणि माती एकत्र. म्हणजे एकामागून एक येणारी राज्यं आणि शेवटी देव स्वतः उभं करणार असलेलं राज्य. स्वर्गातल्या राजाने ठरवून ठेवलेला बेत.

हा 'बेत' मी मनाने घातलेला नाही. यहूदीथच्या प्राचीन यहुदी ग्रंथात (२:२) नबुखद्नेस्सर सरदारांना बोलावून आपल्या मसलतीचं 'मिस्टेरिऑन' त्यांच्यापुढे मांडतो, आणि ते म्हणजे निव्वळ स्वारीची योजना. तसाच दुसरा ग्रंथ तोबीत (१२:७) म्हणतो, राजाचं गुपित राखणं बरं, पण देवाची कृत्यं उघड करणं गौरवाचं. हिब्रूत याच्या जवळचा शब्द 'सोद'. त्याचे दोन अर्थ: राजाची आतली बैठक आणि त्या बैठकीत ठरलेलं गुपित. यिर्मया (२३:१८) खोट्या संदेष्ट्यांबद्दल विचारतो, परमेश्वराच्या सोदमध्ये यांच्यापैकी कोण उभा होता? आमोस (३:७) म्हणतो, आपला सोद संदेष्ट्यांना कळवल्याशिवाय प्रभू काही करत नाही. मराठीत याला माझ्या मते एकच चपखल शब्द आहे: खलबत. जागाही तीच आणि गोष्टही तीच.

मग येतं कुमरान. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळच्या पहिल्या गुहेत सापडलेल्या गुंडाळ्यांपैकी एक म्हणजे हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकावरचं भाष्य. त्याच्या सातव्या स्तंभात एक विलक्षण गोष्ट आहे. देवाने हबक्कूकला शेवटच्या पिढीवर काय येणार ते लिहायला लावलं, पण काळ कधी पुरा होणार ते त्याला सांगितलं नाही. संदेष्ट्यांच्या शब्दांतली सगळी 'राजं' पुढे 'धार्मिकतेच्या शिक्षका'ला, म्हणजे त्या पंथाच्या गुरूला, कळवली गेली. लिहिणाऱ्याच्याच हातातलं पत्र मोहोरबंद, आणि ते फोडणारा पुढच्या काळातला. तिथल्याच एका शिकवणीच्या ग्रंथात 'राज निह्ये' असा प्रयोग वारंवार येतो. अभ्यासक त्यावर वाद घालतात. मला तरी त्याला 'होऊ घातलेलं गुपित' म्हणावंसं वाटतं. आणि ते कुणाला सांगितलंय? एका गरीब शिष्याला. कर्ज, ठेव, आईबापांचा मान, बायको, या रोजच्या गोष्टींच्या मधोमध त्याला सांगतात, त्या राजावर नजर ठेव.

या पार्श्वभूमीवर मार्क वाचा. 'रहस्य दिलं आहे' म्हणजे खलबतात ठरलेला एकच बेत आता तुमच्या हाती आला आहे, तुमच्यासमोर उभा आहे. शिष्यांना तो समजला असं मार्क म्हणत नाही. उलट दोन वाक्यांनंतर येशू विचारतो, हा दाखला तुम्हाला कळत नाही का? मत्तय आणि लूक यांनी 'जाणणं' घातलं आणि अनेकवचन केलं, तेव्हा भर शिकवणीवर गेला. माझा कल मार्ककडे.

पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित पौल, त्याचंही तेच. इफिसकरांस ३:६ मध्ये रहस्याचा मजकूर उघड लिहिलाय: परराष्ट्रीयही, म्हणजे यहुदी नसलेलेही, वारसदार आहेत. एके काळी बरेच विद्वान हा शब्द ग्रीकांच्या एल्युसिससारख्या दीक्षापंथांतून आला असं मानत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस बायबलचे अभ्यासक रेमंड ब्राउन यांनी त्याची यहुदी मुळं तपशिलाने दाखवली. एल्युसिसला जे पाहिलं ते बाहेर बोलायची बंदी होती. पौल आपलं रहस्य गावोगाव सांगत फिरतो.

तेव्हा नाही, ताई. बंद दार नाही.

रात्रपाळी

पोथीशाळा यांचं बहुतेक सगळं पटतं, पण 'खलबत' म्हणून मोकळं होता येणार नाही. दाराच्या अलीकडे उंबरठा आहे आणि तो यहुदी परंपरेने फार जपला आहे.

रब्बींचा जुना नियमसंग्रह मिश्ना, त्यातलं हगीगा २:१ पाहा. सृष्टीच्या निर्मितीचा अध्याय दोघांसमोर उलगडू नये. यहेज्केल संदेष्ट्याने पाहिलेल्या देवाच्या रथाचा एकासमोरही नाही, तो स्वतः शहाणा आणि आपल्या समजुतीने जाणणारा असल्याशिवाय. वर काय, खाली काय, आधी काय, नंतर काय, याच्या मागे लागणारा जन्मला नसता तर बरं, इतकं कठोर. मिश्नाला जोड असलेल्या तोसेफ्तात चौघे बागेत शिरल्याची गोष्ट आहे. बेन अझ्झाय पाहतो आणि मरतो, बेन झोमाच्या मनावर आघात होतो, तिसरा रोपटी छाटून टाकतो, एकटा रब्बी अकीवा धड परत येतो. हे फुटणारं गुपित नव्हे.

आणि पौलसुद्धा. रोमकरांस ११:२५ मध्ये 'हे रहस्य तुम्हाला ठाऊक नसावं असं मला वाटत नाही' म्हणून तो सगळं सांगून टाकतो, आणि ३३व्या वचनात तोच उद्गारतो की देवाचे निर्णय किती अगम्य, त्याचे मार्ग किती माग न लागणारे! सांगून झाल्यावर म्हणतो, बरं का. सांगायचं टाळण्यासाठी नाही.

ताई, तुमच्या आईजवळ बसून लोक जे म्हणाले ते चुकीच्या क्रमाने म्हणाले, असं मला वाटतं. ते वाक्य दुःखात असलेल्या माणसाने स्वतः म्हणायचं असतं, म्हणायचं झालंच तर. दुसऱ्याने त्याला ऐकवायचं नसतं.

शाईचा_ठिपका

दोघांचे आभार. रात्रपाळी, तुमचा शेवटचा परिच्छेद मी उतरवून ठेवला आहे.

रोमकरांस ११ आज पुन्हा वाचलं. २५ ते ३३, मध्ये सात वचनं. म्हणजे गुपित आणि गूढ यांच्यात एक परिच्छेदसुद्धा पुरता नाही. मी दोन वेगळे शब्द मागत होते आणि पौल एका दमात दोन्ही बोलतो.

आणखी एक सापडलं. १ करिंथकरांस २:१ मध्ये काही जुन्या हस्तलिखितांत 'देवाचं मिस्टेरिऑन' आहे, तर काहींत 'देवाचं मार्टिरिऑन', म्हणजे साक्ष. दोन्ही शब्द दिसायला जवळचे. कुणाच्या तरी हातून एकाचं दुसरं झालं. कोणतं आधीचं, ते माझ्यासारखीला ठरवता येणार नाही, पण साक्ष म्हणजे उघड सांगणं आणि रहस्य म्हणजे राखलेलं, या दोन शब्दांचीच अदलाबदल व्हावी, यावर मी बराच वेळ थबकले.

पोथीशाळा

मग तुमच्या व्यवसायाचं एक देतो. 'अनुवाद' हे मोशेचं पाचवं पुस्तक, २९:२९: गुप्त गोष्टी आमचा देव परमेश्वर याच्या, उघड केलेल्या आमच्या आणि आमच्या मुलांच्या सर्वकाळ. हिब्रू पोथ्यांत इथे 'आमच्या आणि आमच्या मुलांच्या' या शब्दांतल्या प्रत्येक अक्षरावर एकेक ठिपका आहे, शिवाय पुढच्या 'अद' शब्दाच्या फक्त पहिल्या अक्षरावर. एकूण अकरा. कुमरानच्या लेखकांकडे अक्षरावर ठिपका म्हणजे 'हे काढा'. रब्बींच्या एका जुन्या कथेत शास्त्री एज्रा अशा ठिपक्यांबद्दल म्हणतो: एलिया संदेष्ट्याने येऊन विचारलं, हे का लिहिलंस, तर सांगेन, मी ठिपके दिलेत. तो म्हणाला बरोबर लिहिलंस, तर ठिपके पुसून टाकीन.

पण ते एकटं अक्षर कशाला? एक सुचवणी अशी: ठिपके खरे 'आमचा देव परमेश्वर याच्या' या शब्दांवर हवे होते. देवाच्या नावावर खूण करवेना, म्हणून तेवढेच ठिपके पुढे सरकवले. हिब्रूत मोजून पाहा.

शाईचा_ठिपका

मोजले. 'लानू' तीन, 'उल्वानेनू' सात, आणि ते एक अक्षर. अकरा. 'च्या' दाखवणाऱ्या जोडअक्षरासकट नावाची पाच, 'एलोहेनू'ची सहा. अकरा.

लेखकाचा शब्द पटला नाही तरी आम्ही तो खोडत नाही. समासात प्रश्नचिन्ह करतो आणि पान परत पाठवतो. हे पान अजून परत आलेलं नाही.